दोन विमानांच्या मधली हळद

माझ्या आत्याने एकसष्टाव्या वर्षी लग्न करायचं ठरवलं, तेव्हा आमच्या मुंबईतल्या मरोळच्या घरात सगळ्यांना आनंद झाला. पप्पा सोडून. आत्या त्यांची धाकटी बहीण. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात ती नर्स म्हणून लागली आणि वॉर्डची मोठी सिस्टर होऊन रिटायर झाली. तिचा नवरा फार लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, आणि तेव्हापासून ती एकटीच राहायची. ज्यांच्याशी लग्न ठरलं ते तिच्याच दवाखान्यात एक्स-रे विभागात होते. त्यांची बायको गेल्यावर मुलगा त्यांना ऑस्ट्रेलियात घेऊन गेला. तिथून ते रोज संध्याकाळी आत्याला फोन करायचे. आधी तब्येतीचं विचारायला, मग भाजी काय केली ते विचारायला, मग नुसताच. आमच्या घरात त्यांना सगळे ‘मेलबर्नचे’ म्हणत.

पप्पांचा राग लग्नावर नव्हता. आत्याने त्यांना विचारलं नाही, नुसतं सांगितलं, हे त्यांना लागलं होतं. “तुझं आयुष्य आहे, तू बघ,” एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला आणि त्यानंतर कित्येक महिने बहिणीशी बोलले नाहीत. आई बोलायची, मी बोलायचे, पप्पा शेजारी बसून टीव्हीचा आवाज वाढवायचे. मात्र आम्ही फोन ठेवला की विचारायचे, “गुडघ्याचं काय म्हणते?”

आत्या आयुष्यात कधी विमानात बसली नव्हती, म्हणून तिला सोडायला मी जायचं ठरलं. मीही बसले नव्हते, पण मी एमआयडीसीतल्या एका पॅकेजिंग कंपनीत डिस्पॅच बघते, कधीमधी परदेशीही माल पाठवते, म्हणून घरच्यांच्या मते मला परदेशातलं कळतं. मी रेल्वेने नागपूरला गेले, आत्याचं घर आवरून दिलं. मेलबर्नच्यांच्या मुलाने आम्हा दोघींची तिकिटं काढली होती. नागपूरहून मुंबई, मुंबईहून मेलबर्न. तिकिटाचा फोटो मी आईला पाठवला, तर तिचा लगेच फोन.

“मुंबईत सहा तास मोकळे आहेत गं.”

“हो, कनेक्टिंग फ्लाइट आहे. मध्ये थांबायचं.”

“कशाला थांबायचं? सांताक्रूझच्या विमानतळावर उतरायचं, सहारच्या विमानतळावर चढायचं. मध्ये आपलं घर. सहा तासांत मी आख्खं लग्न लावीन, हळद काय चीज आहे.”

आमच्याकडची लग्नं साधी. बुद्धवंदना, हार, दोन शब्द, जेवण. पण हळद आईने कुणाच्याही लग्नात सोडलेली नाही. आत्याला विचारलं तर ती एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. “या वयात मले हळद? लाव बाप्पा, लाव.”

जायच्या दिवशी आम्ही पहाटेपासून तयार. आत्याने पांढरेशुभ्र बूट घेतले होते आणि मोतिया रंगाचा कुर्ता. नागपूरच्या विमानतळावर आमच्या मोठ्या बॅगा घेतल्या, त्यांना थेट मेलबर्नचं लेबल लावलं आणि सांगितलं की मुंबईत बॅगांची काळजी करू नका, फक्त पुढच्या विमानाचा बोर्डिंग पास तिथल्या काउंटरवर घ्या. एवढं सुरळीत झालं म्हणून आम्ही खूश होऊन कॉफी घेतली. मग कळलं की आमचं विमान अजून नागपुरात आलेलंच नाही.

पहिला तास मी शांत होते. दुसऱ्या तासाला मी काउंटरवर जाऊन भांडले. आत्या खुर्चीत बसून शेजारच्या बाईच्या पायाची सूज बघत होती आणि तिला मीठ कमी करायला सांगत होती.

“आत्या, आपलं पुढचं विमान चुकेल.”

“होऊन जाईल ना. तू कायले एवढं टेन्शन घेऊन राहिली?”

मी आईला फोन केला की हळदीचं राहू दे, आम्हाला थेट दुसऱ्या टर्मिनलला जावं लागेल. आई म्हणाली, “हळद कालवून ठेवलीय. बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका गच्चीवर बसल्यात. मी आता त्यांना काय सांगू, विमान लेट आहे म्हणून लग्न कॅन्सल?” मी म्हटलं, लग्न कॅन्सल नाही, हळद. “तेच ते,” असं म्हणून तिने फोन ठेवला.

मुंबईत उतरलो तेव्हा सहा तासांचे तीनच राहिले होते. मी विमानात बसल्या बसल्या मनात हिशेब मांडला होता. मरोळला जायचं नाही. बाहेर आई असेल तर तिथेच बोटभर हळद गालाला लावायची, फोटो काढायचा आणि सरळ सहार गाठायचं. हे सगळं मी आत्याला पटवत बाहेर आले, तर दारासमोर माझा भाऊ उभा, आणि त्याच्या बाजूला इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले पप्पा.

आत्या थांबली. तिच्या पाठीमागून येणारा माणूस तिच्यावर आदळला, तरी ती हलली नाही.

पप्पा पुढे आले. तिच्या खांद्यावरची बॅग त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली. “विमान लेट झालं,” ते म्हणाले.

“हो दादा.”

“काही खाल्लं?”

“सँडविच दिलं होतं.”

“सँडविच काय खाणं आहे?” असं म्हणून ते चालायला लागले. भावाने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी म्हटलं, “पप्पा, वेळ नाहीये, आपण सरळ सहारला जाऊ.” पप्पा न थांबता म्हणाले, “हळद झाल्याशिवाय जायचं नाही. बघतो मी वेळ.” म्हणजे महिनोन् महिने रुसलेला माणूस आता कार्यक्रमाचा मालक झाला होता. वाद घालण्यात अर्थ नव्हता.

भावाने ऑफिसातल्या मित्राची गाडी मागून आणली होती. हायवेला त्या दिवशी गर्दी नव्हती, हे आमचं नशीब. पप्पा पुढे, आम्ही दोघी मागे. आत्या खिडकीतून बाहेर बघत होती, पण तिचं लक्ष सगळं पुढच्या सीटवर. सहारचा फाटा आला तशी ती हळूच म्हणाली, “दादा, मले वाटलं तू येणार नाही.”

पप्पांना मुंबईत येऊन चाळीस वर्षं झाली. ते आमच्याशी मुंबईचंच बोलतात. पण तिला उत्तर देताना त्यांच्या तोंडून गावचीच भाषा निघाली. “काऊन नाही येणार? माही बहीण आहे ना तू.” भावाने उगाचच हॉर्न वाजवला.

गच्चीवर चढताना मला खरंच वाटलं होतं की दहा मिनिटांत आटपेल. पण आईने चटई, चौरंग, झेंडूच्या माळा, ताटात दिवे, सगळं मांडलं होतं. कुणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाचा मोठा स्पीकर आणला होता. आमच्यावरून विमानं एवढी खालून जातात की गाणं, गप्पा, सगळं मध्येच थांबवावं लागतं. मरोळमध्ये वाढलेली माणसं वाक्याच्या मधोमध थांबतात, विमान गेल्यावर त्याच शब्दापासून पुढे बोलतात. त्या दिवशी बायकाही तशाच नाचत होत्या. विमान आलं की हात वर तसेच ठेवून उभ्या, गेलं की पुन्हा सुरू. आत्याला त्याचं एवढं हसू येत होतं की आई तिला चौरंगावर बसवायला धरते आणि ती घसरून खाली येते, असं दोनदा झालं.

तिच्या मोतिया कुर्त्यावर आईने जुनी चादर गुंडाळली. पांढरे बूट काढून टाकीवर ठेवले. हळदीचं भलंमोठं पातेलं समोर आलं. आई पुढे वाकली तशी आत्याने हात वर केला.

“वहिनी, थांबा. आधी दादा लावेल.”

सगळ्या पप्पांकडे बघायला लागल्या. ते कठड्याला टेकून हातात मोबाइल धरून उभे होते, आमच्या विमानाची वेळ बघत. “बायकांचं काम आहे ते,” ते म्हणाले.

“तू नाही लावत तर मी उठते. विमान सुटून जाईल, सुटू दे.”

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गाणंच बंद केलं. पप्पांनी मोबाइल भावाकडे दिला, बाह्या दुमडल्या आणि पातेल्यात आख्खा पंजा घातला. बायका बोटाने लावतात हे त्यांना कुठून माहीत असणार. त्यांनी बहिणीच्या चेहऱ्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत एकदम थर दिला. चष्म्यासकट. चष्म्याच्या दोन्ही काचा पिवळ्या झाल्या आणि आत्या त्या काचांमागून म्हणाली, “दादा, तू गेला का? मले दिसून नाही राहिला.”

मग जे सुटलं ते आवरेना. पप्पाच पहिले हसले. आईने त्या हसण्याचा फायदा घेऊन त्यांच्या दोन्ही गालांना हळद फासली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिने चारचौघांत त्यांना हात लावला असेल. काकूंनी मला पकडलं. मी ओरडत होते की मला विमानात बसायचंय, मला नको, आणि तोंड उघडं असल्यामुळे हळद तोंडातही गेली. भाऊ पळाला, त्याला टाकीमागे गाठलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, झेंडूच्या माळा, स्पीकर, सगळं पिवळं. त्या सगळ्यात आत्या चौरंगावर उभी राहून नाचत होती. गुडघेदुखीचं आम्हाला जे काय सांगितलं जायचं, त्यातलं एक अक्षरही त्या वेळी खरं वाटत नव्हतं. मला कसलीच शुद्ध नव्हती. वर्षभर मी ट्रक वेळेवर सोडते, एक खोका मागे राहिला तर मला झोप लागत नाही. आणि इथे मी स्वतःच्या विमानाची वेळ विसरून टाळ्या वाजवत होते.

भावानेच मोबाइल बघितला. त्याच्या पिवळ्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं. “वाट लागली,” तो म्हणाला. “काउंटर बंद व्हायला तासही नाही उरला.”

आम्ही धडाधडा खाली उतरलो. तोंड धुवायला नळ सोडला तर नळाला पाणी नाही. आमच्याकडे पाणी सकाळी येतं, आणि पिंपातलं आईने पाहुण्यांच्या चहाला आणि भांड्यांना वापरलं होतं. तळाशी दोन तांबे उरले होते. तेलात कालवलेली हळद दोन तांब्यांत जात नाही. आईने बेसन चोळलं, त्याने चेहऱ्यावर हळद आणि बेसन असं दोन्ही झालं. टॉवेलने पुसलं तेवढं पुसलं. आत्याचा चेहरा पिकलेल्या आंब्यासारखा दिसत होता. माझाही तसाच असणार, पण आरसा बघायला वेळ नव्हता. तेवढ्यात भाऊ खालून ओरडला की गल्लीत टेम्पो लावून कुणीतरी टाइल्स उतरवतंय, गाडी निघणार नाही.

पप्पा चपला न घालताच रस्त्यावर गेले आणि रिक्षासमोर आडवे उभे राहिले. रिक्षावाल्याने आधी त्यांना पाहिलं, मग आम्हा दोघींना. तीन पिवळी माणसं, त्यातल्या दोघींच्या हातात पासपोर्ट.

“किधर?”

“एअरपोर्ट, इंटरनॅशनल.”

त्याने मीटर टाकला आणि आरशात बघून विचारलं, “शादी छोड़के भाग रहे हो क्या?”

“भाग नहीं रही, भैया,” आत्या म्हणाली. “शादी करने जा रही हूँ. दूल्हा मेलबर्न में है.”

त्याने रिक्षा अशी हाणली की मी आयुष्यभर मरोळमध्ये राहून न पाहिलेल्या दोन गल्ल्या त्या दिवशी पाहिल्या. आई घरीच राहिली होती, तिला निरोप नीट देताच आला नाही. भाऊ मागून कुणाच्या तरी बाइकवर आत्याचे पांढरे बूट घेऊन येत होता, कारण ती रबरी चपलांवर निघाली होती. सिग्नलला त्याने आम्हाला गाठलं आणि एकेक बूट रिक्षात फेकला. एक माझ्या मांडीवर पडला, दुसरा रिक्षावाल्याच्या पाठीला लागला. तोही हसायला लागला. आत्या वाकून बूट घालत होती, पप्पा तिची लेस बांधायला मदत करत होते, आणि त्यांना वाकताना होणारा त्रास बघून तिला अजून हसू येत होतं.

रिक्षा खालच्या रस्त्याला सोडते. तिथून लिफ्टने वर, आणि वर एवढं मोठं दार, एवढी माणसं. आत फक्त तिकीटवाल्यांना सोडतात. पप्पांना तिथेच थांबावं लागलं. आत्या त्यांच्या पायांना हात लावायला वाकली, तर त्यांनी तिला मध्येच धरलं. ते अनवाणीच होते हे तिला तेव्हा दिसलं.

“दादा, चप्पल?”

“राहू दे. जा आता.” मग ते माझ्याकडे वळले. “हिला जेवायला लाव. नुसतं सँडविच खाऊ देऊ नको. आणि त्यांना सांग, मी जय भीम सांगितला.” मेलबर्नच्यांचं नाव त्यांनी स्वतःहून काढलं ते तेव्हा पहिल्यांदाच, आणि तेही ‘त्यांना’ एवढंच.

दारावरच्या जवानाने आत्याचा पासपोर्ट हातात घेतला. फोटोकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. “मॅडम, यह आप हैं?”

“हल्दी है, बेटा. अंदर मैं ही हूँ.”

त्याने ओठ घट्ट मिटून पासपोर्ट परत दिला. आम्ही आत धावलो. काउंटरवरची मुलगी बोर्ड बंद करायच्या बेतात होती. मी धापा टाकत दोन्ही पासपोर्ट पुढे सरकवले आणि सुचेल ते सगळं एका श्वासात सांगितलं, नागपूर, उशीर, मरोळ, हळद, टेम्पो. तिने आमच्याकडे नीट पाहिलं, संगणकावर काहीतरी टाइप केलं आणि दोन बोर्डिंग पास बाहेर आले. “पळा,” ती चक्क मराठीत म्हणाली.

इमिग्रेशनच्या रांगेत आमच्यापुढे बरीच माणसं होती, पण आमच्या अवताराकडे बघून एकेक जण बाजूला होत गेला. काहींना आमची दया आली असेल, काहींना कपड्यांना डाग लागायची भीती वाटली असेल. काचेमागचे साहेब मराठीच होते. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, “लग्न तुमचं?”

“नाही, यांचं.”

त्यांनी आत्याच्या पासपोर्टवरची जन्मतारीख वाचली. पुन्हा वाचली. मी आतल्या आत तयारी केली, आता काहीतरी बोलतील म्हणून. आत्या ताठ उभी होती, वॉर्डमध्ये राउंडला मोठे डॉक्टर आले की उभी राहत असेल तशी. साहेबांनी शिक्का मारला, पासपोर्ट दोन्ही हातांनी पुढे केला आणि म्हणाले, “सुखाने संसार करा.” आत्याने तिथेच रडायला सुरुवात केली आणि मला तिला ओढत पुढे न्यावं लागलं. सिक्युरिटीला तिची बॅग उघडली तर आईने न सांगता आत पुरणपोळ्यांचा डबा कोंबलेला. तपासणाऱ्या बाईने डब्याचा वास घेतला, झाकण लावलं आणि म्हणाली, विमानातच संपवा, तिकडे आत नेऊ देणार नाहीत.

गेट शेवटचंच असणार होतं, ते होतंच. सरकत्या पट्ट्यावरून आम्ही धावलो. पट्टा पळतोय, आपण पळतोय, त्यामुळे आत्याला वाटलं की ती खूप जोरात पळतेय. “बघ, बघ कशी धावून राहिली मी,” असं ती मला सांगत होती. पट्टा संपला तिथे दोघी अडखळलो, एकमेकींना धरलं, आणि तशाच मिठीत गेटपाशी पोचलो. दार अजून उघडं होतं.

विमानात बसल्यावर श्वास जागेवर यायला वेळ लागला. सीटच्या पाठीवरचं पांढरं कापड लगेच पिवळं झालं. खिडकीजवळचा गोरा माणूस आमच्याकडे बघून काय झालं असं विचारत होता, तर आत्याने त्याला पुरणपोळी दिली. त्याने ती खाल्ली आणि दुसरी मागितली. मग विमान हललं, वेगाने धावायला लागलं, आणि आत्याने माझं मनगट पकडलं. पकड अशी की तिची बोटं बरोबर माझ्या नाडीवर.

“मले भीती वाटून राहिली,” ती म्हणाली.

“विमानाची?”

“नाही गं. विमान कायचं. सकाळी चहा करताना किती कप ठेवायचे, हे आता दुसऱ्या माणसाला विचारावं लागेल. एवढी वर्षं मी एकच ठेवला.”

मी तिचा हात धरून ठेवला. आम्ही वर गेलो, कान दडपले, आणि थोड्या वेळाने ती म्हणाली, “तुझी नाडी फारच फास्ट आहे. पाणी पी.” मग तिने डोळे मिटले आणि जेवण येईपर्यंत घोरली.

मेलबर्नला सकाळी उतरलो. डबा तोपर्यंत रिकामा झाला होता. बॅगा वेळेवर आल्या. आम्ही गाडी ढकलत बाहेर आलो, तर कठड्यापलीकडे फुलं घेऊन खूप माणसं उभी. आत्या सगळ्यांच्या चेहऱ्यावरून नजर फिरवत सरळ चालत गेली आणि एका उंच, गळ्यात मफलर घातलेल्या माणसाला ओलांडून पुढे निघून गेली. तो माणूस तिच्या मागे मागे येत होता. त्याच्या हातात शेवंतीचा गुच्छ होता.

“सिस्टर,” तो म्हणाला.

ती वळली. बराच वेळ बघत राहिली.

“तुमची मिशी कुठे गेली?” तिने विचारलं.

“मुलगा म्हणाला, काढली तर तरुण दिसाल.”

“वाढवा पुन्हा,” आत्या म्हणाली. मग तिने गुच्छ घेतला, आणि त्यांनी खिशातून रुमाल काढून, हात पुढे करू की नको असं करत, तिच्या कानामागे राहिलेली हळद पुसली.